बीचा झालेला सहा

कागद अर्ध्या पानाएवढा. तीन घड्या, घडीच्या रेषा तपकिरी पडलेल्या, एका कोपऱ्यात टाचणीच्या गंजाचा ठिपका. वर ठळक अक्षरांत छापलंय, ‘सर्टिफिकेट’. त्याखाली तीन परिच्छेद. पहिल्यात एक अधिकारी लिहून देतो, की या माणसाकडच्या, शत्रूकडून ताब्यात घेतलेल्या वस्तू मी स्वतः तपासल्या आहेत आणि अमेरिकी युद्धखात्याच्या २८ मे १९४५ च्या परिपत्रक क्रमांक १५५, विभाग सहाप्रमाणे त्या स्वतःच्या मालकीच्या म्हणून ठेवायला थिएटर कमांडरची, म्हणजे त्या युद्धक्षेत्राच्या सेनापतीची, याला परवानगी आहे. दुसऱ्यात, वस्तू टपालाने पाठवायच्या असतील तर मनाई असलेलं त्यांत काही नाही. तिसऱ्यात यादी. मग ठिकाण, तारीख, सही, हुद्दा. तळाशी बारीक टायपात फॉर्मचा नंबर: एजी यूएसफेट ३३.

असे कागद तपासणं हे माझं काम आहे. ओहायोतल्या एका लिलावघरात मी जुन्या दस्तऐवजांचा विभाग बघते. घर आवरायला काढलं, आजोबा गेले, आजी वृद्धाश्रमात चालली, की माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि तिच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं जर्मन पिस्तूल निघतं. दुसऱ्या महायुद्धातून अमेरिकन सैनिकांनी अशी शस्त्रं मोठ्या संख्येने घरी आणली. संग्राहकांच्या भाषेत अशा शस्त्राला ‘ब्रिंग-बॅक’ म्हणतात आणि त्यासोबतच्या परवानगीच्या चिठोऱ्याला ‘कॅप्चर पेपर’. कागद सोबत असला तर त्याच पिस्तुलाची किंमत बरीच वाढते. आणि किंमत वाढते म्हणूनच खोटे कागदही तयार होतात.

मराठीत ‘कागदोपत्री’ हा शब्द आपण जरा नाक मुरडूनच वापरतो. कागदोपत्री सगळं ठीक आहे, म्हणजे प्रत्यक्षात नाही. या कामात पडल्यापासून मला त्या शब्दाबद्दल आदर वाटू लागला आहे. कागद जेवढं सांगतो तेवढंच ऐकायचं, त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत, हे वाटतं तितकं सोपं नाही. समोर बसलेल्या माणसाला त्याहून जास्त ऐकायचं असतं तेव्हा तर नाहीच.

गेल्या वर्षी एक बाई आल्या. वय सत्त्याहत्तर. बिस्किटांचा पत्र्याचा डबा मांडीवर धरून बसल्या होत्या. डब्यात वडिलांचं पी-३८ पिस्तूल, वर म्हटला तो कागद आणि वेगळ्या पाकिटात नातवाने कॉम्प्युटरवर टाइप करून दिलेलं एक पान. पानावर लिहिलं होतं, की पणजोबांनी हे पिस्तूल बल्जच्या लढाईत शरण आलेल्या एका जर्मन मेजरच्या कमरेचं काढून घेतलं. “हे कॅटलॉगमध्ये छापाल ना?” त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

पिस्तूल आधी आमच्या शस्त्रविभागाच्या सहकाऱ्याच्या टेबलावर जातं. मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि बोटानेही चाचपायचं. हे झाल्याशिवाय मी जवळही जात नाही. ऐंशी वर्षं फडक्यात पडलेल्या पिस्तुलात गोळी भरलेली असू शकते, आणि घरच्यांनी ते तसंच मुलांच्या हातात दिलेलं असू शकतं.

मी कागद घेतला.

पहिली कसोटी तारखेची. यूएसफेट हे युरोपातल्या अमेरिकी फौजांच्या मुख्यालयाचं नाव १ जुलै १९४५ पासूनचं. त्याआधी त्याच मुख्यालयाला ईटीओयूएसए म्हणत. तेव्हा यूएसफेटचा छापील फॉर्म आणि त्यावर मे किंवा जून १९४५ ची तारीख, असा कागद आला की तो तिथेच बाजूला ठेवायचा. असे दोन माझ्या हाताखालून गेले आहेत. दोन्ही कागद दिसायला सुंदर होते, डागही अगदी जिथे हवेत तिथे. बनवणाऱ्याला विजयाच्या आठवड्याची तारीख घालायचा मोह आवरला नव्हता. बाईंच्या कागदावर ९ ऑक्टोबर १९४५ होती. जुळत होती.

मग सही. शाईच्या पेनाची आहे की बॉलपेनची? अमेरिकेत बॉलपेन पहिल्यांदा दुकानात आलं ते २९ ऑक्टोबर १९४५ ला, न्यूयॉर्कच्या गिंबल्समध्ये, साडेबारा डॉलरला एक. जर्मनीत बसलेल्या लेफ्टनंटच्या हातात ते ९ ऑक्टोबरला असायचं कारण नाही. भिंगाखाली इथे शाई कागदाच्या धाग्यांत थोडी पसरलेली होती, वळणावर निबेच्या दोन टोकांच्या दोन बारीक रेषा उमटल्या होत्या. टाइप केलेल्या ओळींवर मी कागद उलटा करून बोट फिरवते. टाइपरायटरचं अक्षर कागदात रुततं, मागच्या बाजूला त्याचा उंचवटा लागतो, पूर्णविरामाचा तर हमखास. लेझर प्रिंटरची भुकटी वर बसून राहते आणि तिरक्या उजेडात चमकते. शेवटी खोलीतले दिवे मालवून जांभळा, अतिनील किरणांचा दिवा. साधारण १९५० नंतरच्या कागदात पांढरेपणा आणणारी रसायनं मिसळू लागली, तो कागद या दिव्याखाली निळसर पांढरा पेटल्यासारखा दिसतो. हा कागद मंद आणि मातकट राहिला.

एक सांगून ठेवते, कारण नवशिके इथेच चुकतात. कागदाच्या आकारावरून निकाल देऊ नये. त्या काळात अमेरिकन सरकारी कागद ८ बाय साडेदहा इंचांचा असे, हे खरं. पण फौज युरोपात होती. स्थानिक छापखान्यांतून, मिळेल त्या कागदावर कामं करून घेतली जात. काही युनिटांनी तर छापील फॉर्मची वाट न बघता तोच मजकूर स्टेन्सिलवर उतरवून चक्रमुद्रित केला. वेगळा दिसणारा कागद खोटा ठरवायची घाई केली तर खऱ्यावरच अन्याय होतो.

आणि मग यादी. तीन ओळी:

एक पिस्तूल, पी-३८, नंबर. एक संगीन. एक फील्ड ग्लास.

पिस्तुलाचा नंबर पाच आकडी होता आणि शेवटचा आकडा होता सहा. सहकाऱ्याने पिस्तूल उजेडाखाली धरलं आणि आकडे वाचून दाखवले. चार जुळले. पाचवा नव्हताच. चार आकड्यांपुढे एक छोटं रोमन अक्षर होतं, ‘बी’.

हे नीट समजावून सांगायला हवं, कारण सगळी गंमत इथे आहे. जर्मन लष्करी पिस्तुलांचे नंबर चार आकड्यांच्या पुढे सहसा जात नसत. एकपासून सुरू करून चार आकडे संपले की पुन्हा एकपासून, पण आता आकड्यांच्या शेवटी ‘ए’ हे अक्षर. ती मालिका संपली की ‘बी’. वॉल्थर कारखान्यात नवीन वर्ष लागलं की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे नुसते चार आकडे सांगून पिस्तूल ओळखता येत नाही. एकाच वर्षात तेच चार आकडे असलेली अनेक पिस्तुलं बनलेली असतात, वेगवेगळ्या अक्षरांची. कारखान्याची खूण, वर्ष, आकडे आणि अक्षर, चारही हवेत. या पिस्तुलावर ‘एसी’ म्हणजे वॉल्थरची खूण होती आणि ४४ हे साल.

आता ऑक्टोबर १९४५ मधला तो कारकून डोळ्यांसमोर आणा. टेबलापुढे रांग. प्रत्येकाच्या हातात काहीतरी. घरी जायची गडबड, जहाजाची तारीख कुणालाच धड माहीत नाही. ल हाव्र बंदराजवळच्या तळांना सिगारेटच्या ब्रँडची नावं दिली होती, लकी स्ट्राइक, फिलिप मॉरिस, ओल्ड गोल्ड. तिथे पोचल्यावर झडती होणार आणि कागद नसेल तर वस्तू जाणार, हे सगळ्यांना ठाऊक. जर्मन नंबरांची पद्धत कारकुनाला कोण शिकवणार? त्याला लोखंडावर चार आकडे दिसले आणि पुढे एक उंच दांडी, खाली पोटाला गोल. रोमन लिपीतला छोटा बी आणि सहाचा आकडा शेजारी ठेवून बघा. त्याने सहा वाचला, सहा टाइप केला.

खोटा कागद बनवणाऱ्याने ही चूक केली नसती. तो पिस्तूल समोर ठेवून, पुस्तकं चाळून, नंबर बिनचूक उतरवतो. त्याचा सगळा जीव त्या नंबरातच असतो. मी त्या सहाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका कंटाळलेल्या मुलाची नजर त्या एका अक्षरात जशीच्या तशी राहिली होती. चुकीनेच कागदाची खात्री पटावी असं या कामात बऱ्याचदा होतं, आणि दर वेळी मला तितकाच आनंद होतो.

पण सही करणारा लेफ्टनंट तोफखान्याचा होता, आणि बाईंचे वडील पायदळात. नातवाने इंटरनेटवर वाचलं होतं, की सही स्वतःच्या युनिटच्या अधिकाऱ्याची नसेल तर कागद बनावट समजावा. बाईंचा चेहरा उतरला होता.

इथे युद्ध संपल्यानंतरची हालचाल माहीत असावी लागते. जर्मनी पडल्यावर कोण आधी घरी जाणार हे गुणांवर ठरलं. सेवेच्या प्रत्येक महिन्याला एक गुण, परदेशातल्या प्रत्येक महिन्याला आणखी एक, प्रत्येक पदकाला किंवा मोहिमेच्या ताऱ्याला पाच, प्रत्येक लहान मुलामागे बारा, तेही तीन मुलांपर्यंतच. सुरुवातीला ८५ गुण लागत, पुढे ही मर्यादा उतरत गेली. जास्त गुणांची माणसं घरी निघालेल्या युनिटांत भरली, कमी गुणांची मागे राहणाऱ्या युनिटांत. ज्या पलटणीबरोबर माणूस लढला ती त्याच्याभोवती पत्त्यांसारखी पिसली गेली. म्हणून शरदातल्या कागदावर अनोळखी अधिकाऱ्याची सही असणं हेच स्वाभाविक आहे. सेवामुक्तीच्या दाखल्यावरही ‘संघटना’ या रकान्यात माणूस ज्या युनिटमधून सुटला तेच लिहिलेलं असतं. घरोघरी मुलं त्या नावाचा लढाईचा इतिहास शोधत बसतात, आणि वडील त्या युनिटमध्ये जेमतेम जहाजात बसण्यापुरते असतात.

खात्री करायला सेंट लुईसला पत्र लिहिलं. उत्तर काय येणार याचा अंदाज होता. १२ जुलै १९७३ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या राष्ट्रीय सैनिकी नोंदींच्या इमारतीच्या सहाव्या मजल्याला आग लागली. बावीस तास ती आटोक्यात आली नाही. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख सैनिकांच्या फायली गेल्या. १९१२ ते १९६० च्या दरम्यान सुटलेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के. दुसरी प्रत नाही, मायक्रोफिल्म नाही, काय होतं याची सूचीसुद्धा नाही. पाण्याने भिजलेल्या फायली दुधाच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये भरून विमानं बनवणाऱ्या कंपनीच्या निर्वात कक्षात वाळवल्या, त्यातून जे वाचलं ते वाचलं. काठ जळलेली ती पानं आजही हातमोजे घालून उलटावी लागतात. ज्या घरांत वडील बोलले नाहीत त्या घरांत ती फाइल बोलली असती. मला या आगीबद्दल लिहिताना अजूनही गलबलून येतं.

बाईंच्या वडिलांची फाइल जळाली होती.

पण एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. युद्धानंतर सुटून आलेल्या सैनिकांना सांगितलं जाई, की तुमचा सेवामुक्तीचा दाखला काउंटीच्या कचेरीत नोंदवून ठेवा. हजारोंनी ते ऐकलं. ओहायोत काउंटी रेकॉर्डरकडे त्यांची वेगळी बाडं आहेत. मी गेले तर तिथल्या कारकून बाईने तळघरातून बाड काढलं, अंगठ्याने धूळ पुसली, आणि दोन मिनिटांत पान समोर. युद्धखात्याचा ५३-५५ नंबरचा फॉर्म, पुढची आणि मागची बाजू. लष्करी नंबर ३५ ने सुरू होणारा: तीन म्हणजे सक्तीने भरती झालेला, पाच म्हणजे पाचवा विभाग, ज्यात ओहायो, इंडियाना, केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनिया येत. आपलाच माणूस.

आणि ‘लढाया व मोहिमा’ या रकान्यात दोन नावं. ऱ्हाइनलँड. सेंट्रल युरोप.

आर्देन नाही. बल्जची लढाई कागदावर त्याच नावाने येते.

परदेशी सेवेच्या रकान्यात युरोपात पोचल्याची तारीख होती ३० जानेवारी १९४५. बल्जची लढाई १६ डिसेंबरला सुरू झाली आणि २५ जानेवारीला संपली. ते पोचले तेव्हा ती संपून पाच दिवस झाले होते.

पुढे काही महिन्यांनी कंपन्यांच्या रोजच्या हजेरीपत्रकांची, मॉर्निंग रिपोर्टची, मायक्रोफिल्मवरची पानंही मिळाली. ही पत्रकं वेगळी ठेवलेली असल्यामुळे आगीतून वाचली. २२ सप्टेंबरला बदली होऊन एका तोफखाना बॅटरीत दाखल, त्याच बॅटरीत तो लेफ्टनंट. कागद शंभर टक्के खरा होता. मेजरची गोष्ट खरी नव्हती.

हे कसं सांगायचं, याचा मी दोन दिवस विचार केला. ‘ताब्यात घेतलेली’ हा शब्द फॉर्मवर छापलेलाच आहे, प्रत्येकासाठी सारखा. समोरासमोर लढून काढून घेतलेलं पिस्तूल असो, शरणागतांच्या ढिगातून उचललेलं असो, की सिगारेटच्या पाकिटांवर दुसऱ्या सैनिकाकडून घेतलेलं असो, फॉर्म एकच. अमेरिकी फौजा गावात शिरल्या की शस्त्रं जमा करण्याचा हुकूम निघे, आणि टाउन हॉलच्या जमिनीवर पिस्तुलं, शिकारीच्या बंदुका, आजोबांच्या तलवारी यांचा ढीग लागे. कित्येक ‘ट्रॉफी’ त्या ढिगातल्या आहेत. वॉल्थरचा कारखाना थुरिंगियात होता. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी फौजा तिथे पोचल्या आणि जुलैच्या सुरुवातीला तो प्रदेश सोव्हिएत फौजांच्या ताब्यात गेला. मधल्या काळात कारखान्यातूनच पिस्तुलं उचलली गेली. अधिकारी सही करायचा ती वस्तू ठेवायला परवानगी आहे याची. ती कशी मिळाली, हे त्याने विचारलं असेल असं समजू नये.

आणि ज्यांनी विचारायला हवं होतं त्यांनी न विचारल्याचे परिणाम मोठेही झाले. क्वेडलिनबुर्गच्या चर्चचा मध्ययुगीन खजिना, नवव्या शतकातलं रत्नजडित वेष्टनाचं शुभवर्तमान त्यात होतं, एका अमेरिकन लेफ्टनंटने लष्करी टपालाने टेक्सासला घरी पाठवला. तो जर्मनीला परत जायला १९९० चं दशक उजाडलं. पिस्तूल आणि धर्मग्रंथ एका मापाने मोजू नयेत हे मला कळतं. पण ‘युद्धाची आठवण’ या प्रेमळ शब्दाखाली कायकाय सामावलं गेलं, ते विसरून मला काम करता येत नाही.

कधी लोखंड कागदापेक्षा जास्त सांगतं. जपानी रायफलींच्या चेंबरवर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल कोरलेलं असे, सम्राटाचं चिन्ह. शरणागतीनंतर जमा झालेल्या बऱ्याच रायफलींवरचं ते फूल घासून काढलेलं दिसतं. फूल शाबूत असलेली, म्हणजे कदाचित शरणागतीआधीच हाती लागलेली रायफल आली की मी कागद दुसऱ्यांदा वाचते.

याच महिन्यांत एक फोन आला होता, तोही इथे लिहायलाच हवा. पलीकडून एक पन्नाशीचा माणूस. वडील गेले, गॅरेजच्या छतात एमपी-४० सापडली. जर्मन मशिनगन, हातात धरायची. “पण काळजी नाही, कागद आहे,” तो म्हणाला. “अधिकाऱ्याची सही आहे, शिक्का आहे.” मी त्याला आधी सांगितलं की हात लावू नका, गाडीत घालू नका, कुणाला दाखवू नका. मग सांगितलं की तो कागद या बंदुकीच्या बाबतीत काहीच कामाचा नाही.

लोकांना हे ऐकून धक्का बसतो. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टपासून मशिनगन संघराज्याकडे नोंदलेली असावी लागते. कॅप्चर पेपर ही ती नोंदणी नव्हे. १९६८ च्या कायद्याबरोबर एक महिन्याची माफी दिली होती, २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर. त्या तीस दिवसांत ४४६७ नंबरचा फॉर्म भरून कुणीही आपली युद्धातून आणलेली मशिनगन विनाप्रश्न नोंदवू शकत होता. ज्यांनी भरला त्यांच्या वारसांकडे ती आज कर न भरता, पाच नंबरच्या फॉर्मवर, कायदेशीरपणे जाते. ज्यांनी नाही भरला त्यांची बंदूक खाजगी माणसाला आता नोंदवता येत नाही. नुसती बाळगल्याबद्दल दहा वर्षांपर्यंत तुरुंग. मी त्याला म्हटलं, दुसरा कागद शोधा. बायबलमध्ये बघा, विम्याच्या पाकिटात बघा, बँकेच्या लॉकरमध्ये बघा. आणि वकील करा. मृत्युपत्राचा व्यवस्थापक लेखी विचारून नोंद आहे का ते कळवून घेऊ शकतो. तीन आठवड्यांनी त्याचा परत फोन आला. नोंद नव्हती. वकिलामार्फत बंदूक जमा केली. “त्यांना वाटायचं, सरकारनेच परवानगी दिलीय,” तो म्हणाला. त्या वडिलांनी वीस वर्षांहून जास्त काळ तो कागद जपून ठेवला, आणि ज्या महिन्यात दुसरा भरायचा होता त्या महिन्यात त्यांना कुणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं आणि त्यांना वाटलं, माझ्याकडे आहे की कागद. मला त्या माणसाबद्दल फार वाईट वाटलं.

व्हिएतनामच्या वेळी हे सगळं पुष्कळ शिस्तीचं झालं होतं. तेव्हाच्या डीडी ६०३-१ फॉर्मवर नंबर व्यवस्थित असतो, एका वेळी एकच गोळी झाडणारी एसकेएस रायफल आणता येई, स्वयंचलित एके रायफल नाही. आखाती युद्धानंतर, १९९३ मध्ये, संसदेने रणांगणावरच्या वस्तूंबद्दल वेगळा कायदाच केला. आता सैनिकाने पिस्तूल पिशवीत टाकून घरी आणायचे दिवस संपले. मला वाटतं, ते बरंच झालं.

बाईंना मी बोलावून घेतलं. सेवामुक्तीच्या दाखल्याची नक्कल, हजेरीपत्रकाची पानं, सगळं टेबलावर मांडलं. आधी सहाची आणि बीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, भिंगातून स्वतः बघितलं. मग मी ३० जानेवारीच्या तारखेवर बोट ठेवलं.

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मेजरची गोष्ट काकांची. थँक्सगिव्हिंगला जेवण झालं की काका ती सांगायचे.”

“आणि तुमचे वडील?”

“वडील उठून गॅरेजमध्ये जायचे.”

मी विचारलं नाही, आणि त्यांनीही पुढे काही सांगितलं नाही. पिस्तूल आणि कागद विकायचं त्यांनी ठरवलंच होतं. कॅटलॉगमध्ये मी लिहिलं: सोबत मूळ प्रमाणपत्र, नंबरातलं शेवटचं अक्षर कारकुनाने सहा असं वाचलेलं, सही करणाऱ्या अधिकाऱ्याची व सैनिकाची एकाच बॅटरीत नोंद. मेजरबद्दल काही नाही. नातवाचं पान मी पाकिटात घालून परत दिलं.

निघताना त्यांनी कागदाकडे पुन्हा एकदा बघितलं आणि विचारलं, “हे तिसरं काय आहे? फील्ड ग्लास?”

“दुर्बीण.”

त्या पुन्हा खुर्चीत बसल्या.

लेक ईरीच्या काठी मॅगी मार्श नावाचं पाणथळ जंगल आहे. दर मे महिन्यात वॉर्बलर नावाचे चिमुकले पक्षी उत्तरेला जाताना सरोवर ओलांडण्याआधी तिथल्या झाडांवर विसावतात, हाताच्या अंतरावर. बाई आठ-नऊ वर्षांच्या असल्यापासून वडील त्यांना तिथे नेत. वडील फार बोलत नसत. दुर्बीण मुलीच्या गळ्यात अडकवत आणि मागे उभे राहून हळूच तिचं डोकं योग्य दिशेला वळवत. ती दुर्बीण अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. युद्धाशी तिचा काही संबंध असेल हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. पिस्तूल डब्यात बंद असायचं, त्याची गोष्ट सांगितली जायची. दुर्बिणीची गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती.

पुढच्या आठवड्यात त्या ती घेऊन आल्या. सहा बाय तीस. एका बाजूला ‘डीन्स्टग्लास’, म्हणजे सरकारी कामाची दुर्बीण, आणि त्याखाली ‘बीएलसी’, येनाच्या कार्ल झाइस कारखान्याची युद्धकाळातली खूण. काळा रंग बोटांच्या जागी घासून खालचा धातू दिसायला लागला होता. लोखंडी पिस्तुलावर हाताची एवढी झीज नव्हती.

“हीच ती, ना?” त्यांनी विचारलं.

पिस्तुलाचा नंबर कारकुनाने चुकीचा का होईना, लिहिला होता. दुर्बिणीवर नंबर आहे, पण कागदावर तो नाही. कागदावर फक्त ‘एक’. त्या काळी अशा दुर्बिणी हजारोंनी फिरत होत्या, नंतरच्या काळात कुठल्याही दुकानात मिळत होत्या. ही तीच आहे असं लिहायला माझ्याजवळ आधार नव्हता, आणि तसं मी त्यांना सांगितलं. सांगताना माझा आवाज नीट निघाला नाही.

त्यांनी मान हलवली. दुर्बीण विकायची नव्हतीच, तरी नोंद करा म्हणाल्या, नातवासाठी. मी आमच्या छापील तक्त्यावर लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेले: दुर्बीण एक. प्रमाणपत्रात उल्लेख आहे, नंबर नाही. भिंगं स्वच्छ. डाव्या बाजूचा रंग जास्त झिजलेला. चामड्याचा पट्टा मूळचा नाही, नंतर बदललेला.

“पट्टा मी बदलला,” त्या म्हणाल्या. “१९७१ साली.”